माउस नसलेल्या पडद्यावर

बायोसचा, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा, निळा-करडा सेटअप असो की डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा मजकुरी इन्स्टॉलर, पडद्यावर माउसचा बाण कुठेच नसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा हात तरीही माउसकडे जातो, आणि काहीच हलत नाही म्हटल्यावर मशीन अडकलं असं वाटतं. अडकलेलं काही नसतं. माउसच्या एका क्लिकमध्ये आपण तीन कामं एकदम उरकतो: एखाद्या ओळीवर जाणं, तिच्यावर खूण करणं आणि ‘झालं, चला पुढे’ म्हणणं. इथे ती वेगवेगळ्या बटणांना वाटून दिलेली असतात. जाणं अ‍ॅरो आणि टॅबकडे, खूण स्पेसबारकडे, मान्यता एंटरकडे.

ही वाटणी ठाऊक नसेल तर डेबियनमध्ये हमखास फसायला होतं. कोणकोणती सॉफ्टवेअर हवीत याची यादी समोर येते, प्रत्येक नावाआधी चौकोनी कंस, काही कंसांत चांदणी. माणूस डाउन अ‍ॅरोने, समजा, ‘एसएसएच सर्व्हर’वर (दुरून लॉगिन करू देणारं सॉफ्टवेअर) येतो आणि सवयीने एंटर मारतो. चांदणी उमटत नाही, यादीच निघून जाते, आणि आधीपासून ज्यांवर खूण होती तेवढीच सॉफ्टवेअर उतरायला लागतात. इन्स्टॉलरच्या लेखी तुम्ही अख्ख्या यादीला होकार दिलेला असतो. हा दोष मी वापरणाऱ्याला देणार नाही. ‘खुणेसाठी स्पेसबार’ हे त्या पडद्यावर ठळक लिहायला हवं.

यादीतून बाहेर पडून खालच्या ‘पुढे’ किंवा ‘रद्द’ या बटणांवर जायचं तर टॅब, मागे यायचं तर शिफ्ट धरून टॅब. आता एक नेहमीची पंचाईत. ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोनच बटणं आहेत, एक लाल, एक करडं. निवडलेलं कोणतं? रंगावरून अंदाज बांधू नका. एकदा टॅब दाबा आणि कोणता रंग जागा बदलतो ते बघा. जो सरकला, तोच फोकसचा, म्हणजे निवडलेल्या बटणाचा रंग.

हा रंग सरकतो कसा, हे बघण्यासारखं आहे. पीसीच्या जुन्या मजकुरी पडद्यावर 80 रकाने आणि 25 ओळी, म्हणजे 2000 घरं. प्रत्येक घराला मेमरीत दोन बाइट: एकात अक्षर, दुसऱ्यात त्याचा आणि मागच्या पट्टीचा रंग. सगळा पडदा 4000 बाइटमध्ये मावतो. तुम्ही डाउन अ‍ॅरो दाबता तेव्हा एकही अक्षर हलत नाही. 30 अक्षरांच्या ओळीवरची पट्टी खाली न्यायची तर जुन्या ओळीचे 30 रंगबाइट पूर्ववत करायचे आणि नव्या ओळीचे 30 बदलायचे, बस्स. मेनूभोवतीच्या दुहेरी चौकटीही चित्र नसून अक्षरंच असतात. आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात त्यांच्यासाठी खास चिन्हं होती.

टर्मिनलमध्ये, म्हणजे मजकुरी आज्ञा देण्याच्या खिडकीत, मात्र एक गंमत होते. तिथे अप अ‍ॅरो हे एक चिन्ह म्हणून पोचतच नाही. बहुतेक वेळा तीन बाइटची माळ येते: एस्केप, उघडणारा चौकोनी कंस आणि ‘ए’. डाउनसाठी शेवटी ‘बी’. 1978च्या व्हीटी100 या टर्मिनल-यंत्राने रूढ केलेली ही पद्धत अजून टिकून आहे. पण त्यामुळे प्रोग्रामला प्रश्न पडतो: आत्ता आलेला एस्केप हा नुसता एस्केप, की अ‍ॅरोची सुरुवात? मग तो जरा थांबून मागून आणखी काही येतंय का ते बघतो. असे मजकुरी मेनू बनवायला वापरल्या जाणाऱ्या एनकर्सेस या लायब्ररीत ही वाट पाहण्याची मुदत, कोणी बदलली नसेल तर, 1000 मिलिसेकंद असते. एस्केप दाबल्यावर मेनू एक सेकंद ढिम्म राहतो तो यामुळे. तेवढ्यात वैतागून आणखी चार वेळा एस्केप दाबणारे थेट मेनूच्या बाहेर जाऊन पडतात.

बायोसमध्ये शिरण्याची अडचण वेगळी. डिलीट किंवा एफ2 दाबलंय का, हे तो सुरुवातीचे काही क्षणच तपासतो आणि मग ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे देतो. ‘फास्ट बूट’ चालू असेल तर काही मशीन त्या वेळात यूएसबी कीबोर्ड जागाच करत नाहीत. कितीही बटणं बडवा, ऐकायला कोणी नसतं. विंडोज असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करायचं, तिथल्या प्रगत पर्यायांतून सेटअपची वाट सापडते. आत गेल्यावर बायोस सहसा अमेरिकन कीबोर्ड गृहीत धरतो. जर्मन कीबोर्डवर ‘वाय’ आणि ‘झेड’ यांच्या जागा उलट असतात, त्यामुळे ‘सेव्ह करायचं का?’ला तिथला माणूस ‘वाय’ दाबतो आणि मशीनला ‘झेड’ मिळतो. पासवर्ड ठेवताना हे विसरलात तर जास्त महागात पडतं.

बदल साठवून बाहेर पडायला बहुतेक बायोसमध्ये एफ10. सर्व्हरचा सेटअप दुरून, सीरियल कन्सोलवरून (दुसऱ्या मशीनच्या टर्मिनलमध्ये दिसणारा मजकुरी पडदा) चालवताना नेमकं हेच बटण दगा देतं, कारण टर्मिनलची खिडकी ते स्वतःचा मेनू उघडायला वापरून टाकते. अशा वेळी आधी एस्केप आणि लगेच शून्य दाबून पाहावं. पुष्कळ सर्व्हर ही जोडी एफ10 म्हणूनच वाचतात.