टेक् लाइव्हचे साल बदलते तेव्हा घरच्या फाइलींचे काय होते?

टेक् लाइव्ह म्हणजे टेक् या अक्षरजुळणी-प्रणालीचे वितरण: प्रोग्राम, फाँट आणि सोबतच्या फाइलींचा संच. तिची नवी वार्षिक आवृत्ती जुनीवर चढत नाही. २०२४च्या शेजारी २०२५ असे नवे फोल्डर उघडते आणि दोन्ही एकत्र नांदतात. या सालवार फोल्डरांच्या बाहेर, त्यांच्याच रांगेत ‘टेक्सएमएफ-लोकल’ असते. संस्थेची एसटीवाय (शैली-आज्ञांची) फाइल, विकत घेतलेला फाँट, विद्यापीठाचा प्रबंध-क्लास (मांडणीचा साचा), असे सगळे तिथे ठेवायचे. इन्स्टॉलर त्याला हात लावत नाही. ही सोय सुरुवातीपासून नव्हती.

डोनाल्ड क्नुथ यांचे टेक् युनिक्सवर रुळले तेव्हा मॅक्रो (आज्ञासंचांच्या) फाइली बहुधा एकाच ‘इनपुट्स’ डिरेक्टरीत असत. घरची कोणती आणि सोबत आलेली कोणती, हे नावावरूनच ओळखायचे. म्हणून मूळ फाइल बदलायची तर नाव बदलूनच बदला, ही क्नुथ यांची अट फार उपयोगाची ठरली. लाटेक्‌च्या (टेक्‌वर उभारलेल्या मॅक्रोसंचाच्या) परवान्यातही ती बराच काळ सक्तीची होती. दुसरा मार्ग म्हणजे ‘टेक्सइनपुट्स’ या पर्यावरण-चलात (एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल) आपल्या फोल्डरचा पत्ता देणे. तो आजही चालतो, पण युनिक्सवर पत्त्याच्या शेवटी कोलन राहिला नाही तर मूळ मार्ग जोडला जात नाही आणि साधा ‘आर्टिकल’ क्लासही सापडेनासा होतो.

१९९४ मध्ये टेक् युजर्स ग्रुपने फाइलींच्या मांडणीसाठी एक कार्यगट नेमला. त्यातून ‘टीडीएस’ हा आराखडा आला, त्याची १.१ ही आवृत्ती जून २००४ची. ‘टेक्सएमएफ’ म्हणजे टेक् आणि मेटाफाँट (क्नुथ यांचाच फाँट घडवणारा प्रोग्राम). या झाडात (फोल्डरांच्या मांडणीत) जागा ठरलेल्या: एसटीवाय फाइल ‘टेक्स’खालच्या ‘लाटेक्स’मध्ये, ओटीएफ फाँट ‘फाँट्स’खालच्या ‘ओपनटाइप’मध्ये, बीएसटी (संदर्भसूचीची शैली) ‘बिबटेक्स’मध्ये. खरी करामत होती ती अशी अनेक झाडे एकावर एक रचण्याची. कार्ल बेरी यांची केपाथसी ही शोध-लायब्ररी झाडे ठरलेल्या क्रमाने धुंडाळते: आधी वापरकर्त्याचे घरचे (त्याच्या होम फोल्डरातले) झाड, मग टेक्सएमएफ-लोकल, सर्वांत शेवटी वितरणाचे ‘टेक्सएमएफ-डिस्ट’. टेक् लाइव्ह १९९६ पासून निघते. थॉमस एसर यांनी २००६ मध्ये टीटेक् हे युनिक्सवरचे वितरण थांबवल्यावर युनिक्सवाल्यांचा बराच भार तिच्यावर आला. २००८ मध्ये टीएलएमजीआर हा पॅकेज-व्यवस्थापक आला. तो अपडेट करताना पॅकेजच्या जुन्या फाइली काढून नव्या टाकतो. म्हणजे डिस्टमध्ये शिरून केलेली दुरुस्ती सालभरही टिकेल याचा भरवसा नाही.

फाइल शाबूत राहते, तिची नोंद मात्र शाबूत राहतेच असे नाही. गोंधळ होतो तो इथे.

टेक्सएमएफ-लोकलच्या पत्त्याआधी सेटिंगमध्ये दोन उद्गारचिन्हे असतात. अर्थ असा, की डिस्क चाळू नकोस, फक्त ‘एलएस-आर’ ही सूची बघ. फाइल डोळ्यांसमोर असते आणि लाटेक् म्हणते ‘नॉट फाउंड’. ‘एमकेटेक्सएलएसआर’ एकदा चालवले की सूची नवी होते. घरच्या झाडाला हे लागत नाही.

टाइप-१ (जुन्या पोस्टस्क्रिप्ट) फाँटची मॅप फाइल, म्हणजे कोणत्या फाँटसाठी कोणती फाइल हे सांगणारी यादी, हीही अशीच. २०१२ पासून अपडीमॅप (एकत्रित मॅप बनवणारी आज्ञा) प्रत्येक झाडातली स्वतंत्र नोंद-फाइल वाचते, म्हणून ‘मॅप’ची ओळ टेक्सएमएफ-लोकलमधल्या ‘वेब२सी’त लिहावी. पण एकत्रित मॅप नव्या सालाच्या फोल्डरात तयार होते. तिथे अपडीमॅप-सिस पुन्हा चालवावे लागते. विसरलात तर पीडीएफटेक् (थेट पीडीएफ बनवणारे टेक्) बिटमॅप फाँट घडवायला धावते आणि अडते. अपडीमॅप-युजर शक्यतो टाळावे: त्याने बनवलेली खासगी मॅप आधी सापडते आणि सिस्टिममधले पुढचे बदल तिच्याआड झाकले जातात. शब्दतोडीचे (ओळीअखेर शब्द कुठे तोडायचा याचे) स्वतःचे नियम असतील तर नव्या सालात फॉरमॅटही (मॅक्रो आधीच भरून ठेवलेल्या फाइली) पुन्हा बांधावे लागतात, कारण पीडीएफटेक् आणि युनिकोड चालवणाऱ्या झीटेक्‌मध्ये ते नियम फॉरमॅटमध्येच गोठवलेले असतात.

देवनागरीत काम करणाऱ्यांना हमखास अडवणारी जागा वेगळी आहे. आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका हा फाँट टेक् लाइव्हसोबतच मिळतो. लिनक्सवर झीटेक्‌ला फाइलचे नाव दिले तर तो केपाथसीतून सापडतो. ‘शोभिका’ एवढेच फाँटनाव दिले तर शोध फाँटकॉन्फिगकडे (लिनक्सच्या फाँट शोधणाऱ्या यंत्रणेकडे) जातो. त्यासाठी टेक् लाइव्हची जी कॉन्फिग फाइल ‘ईटीसी’मध्ये (सिस्टिमच्या सेटिंग-फोल्डरात) नक्कल करून ठेवतात, तिच्यात सालासकट पत्ते लिहिलेले असतात. २०२४ पुसले की फाँटनाव सापडत नाही, आणि दोष उगाच शोभिकाला दिला जातो. नवी नक्कल ठेवून ‘एफसी-कॅश’ ही फाँटयादी ताजी करणारी आज्ञा चालवावी.

उलटाही धोका आहे. घरच्या झाडात पडून राहिलेली जुनी प्रत नव्या प्रतीच्या आधी उचलली जाते. फेब्रुवारी २०२०च्या लाटेक्‌पासून ‘एक्सपीएल३’ हा प्रोग्रॅमिंग-स्तर फॉरमॅटमध्येच भरलेला असतो. त्याच्या सहायक फाइलींची जुनी प्रत घरी असेल तर ‘मिसमॅच्ड लाटेक् सपोर्ट फाइल्स’ असा एरर येतो. नवे साल बसवल्यावर संशयित फाइलीचे नाव देऊन ‘केपीएसईव्हिच’ला (फाइल कुठे सापडते ते सांगणाऱ्या आज्ञेला) ‘ऑल’ पर्यायासह विचारावे. दोन पत्ते आले तर पहिला वापरला जातो. तो घरचा असेल आणि ती फाइल तुम्ही स्वतः लिहिलेली नसेल, तर काढून टाका.