एसटीच्या टाईमात बसणारं कॉलेज

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे कृषी केंद्राच्या ओट्यावर एकच विचारणा सुरू होते: "पोराले कुठं टाकता यंदा?" पोराला काय व्हायचंय हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या वेळी वडिलांनी सांगितलं होतं, "एसटीच्या टाईमात बसन थेच कालेज पाय." त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. विदर्भातल्या खेड्यात कॉलेज निवडायचं म्हणजे आधी अंतर मोजायचं, ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे.

हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस १८८५ चं. दोन्ही नागपुरात. तिथं शिकणाऱ्याच्या हाती पुढे बरीच वर्षं पदवी पडायची ती अलाहाबाद विद्यापीठाची. नागपूर विद्यापीठ आलं १९२३ मध्ये, आणि अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेजही त्याच साली. दर्यापूर किंवा पुसदकडच्या शेतकऱ्याला फीपेक्षा धास्ती होती ती शहरात मुलाच्या राहण्या-जेवणाची. पापळसारख्या खेड्यातून निघून विलायतेपर्यंत शिकून आलेल्या पंजाबराव देशमुखांनी हे नेमकं ओळखलं. त्यांनी अमरावतीत आधी श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि मग १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आधी वसतिगृह, मग कॉलेज. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

हाताला काम देणारं शिक्षण मात्र बराच काळ नागपूरच्या वेशीतच राहिलं. कृषी महाविद्यालय १९०६ चं, रसायन-तंत्रज्ञान शिकवणारं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट १९४२ चं. आयटीआयची योजना देशात १९५० ला सुरू झाली. अमरावतीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६४ मध्ये मिळालं, आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये, तेही आंदोलन करून. १९८४ च्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष, म्हणजे कोणता भाग किती मागे राहिला ते, मोजला तेव्हा सिंचन आणि रस्त्यांच्या जोडीला तंत्रशिक्षणाचाही हिशेब मांडला. राज्याच्या एकूण अनुशेषातला सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या विदर्भाचा निघाला.

तोवर दार दुसऱ्या बाजूने उघडलं होतं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी शेगावला गजानन महाराजांच्या नावाचं कॉलेज निघालं. पुढे तालुक्या-तालुक्यात पाट्या लागल्या. आता अंतर कमी झालं, पण निवड लाटेवर होऊ लागली. सगळ्यात मोठी लाट डीएडची, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेची. बारावीनंतर दोन वर्षं काढली की जिल्हा परिषदेत मास्तर, पगार बांधलेला, लग्नाच्या बाजारात भाव. माझ्या चुलतभावासाठी काकांनी दोन एकर विकून डोनेशन भरलं. तो पास झाला तोवर भरती आटली होती. २०१० च्या शिक्षक भरतीच्या सीईटीनंतर भरती जवळजवळ थांबली, २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७ मध्ये ऑनलाइन शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आलं. भावाच्या गुणपत्रिका आजही कपाशीच्या बियाण्याच्या कंपनीने दिलेल्या पिशवीत, गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. भरतीची बातमी आली की पिशवी खाली येते, झेरॉक्स निघतात, पिशवी परत वर जाते. तो हुशार होता, मोटारी खोलण्यात त्याचा हात बसला होता. जवळच्या आयटीआयचा फॉर्म मात्र घरात कुणी आणलाच नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

आजची स्थिती वेगळी आहे. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्या मुलींना शाळेत नेतात, पण त्या बारावीपर्यंतच. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मात्र त्यासाठी प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅप फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली तर माफी नाही. गावात येणारे एजंट ही गोष्ट सांगत नाहीत, म्हणून इथं मुद्दाम लिहितो. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि त्या योजनेला नाव पंजाबराव देशमुखांचंच आहे.

यंदा शेजारच्या वावरात तूर डोबायला आलेल्या एका बाईने मला विचारलं. पोरीला तालुक्याच्या नर्सिंगला सहज जागा मिळत होती, पण तिला पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल करायचं होतं, आणि ते कॉलेज जिल्ह्याच्या गावी. गुण पुरेसे, फी माफ. बाई म्हणाली, "थे सगळं झालं भाऊ. तिथं पोरीले हॉस्टेल भेटते काय, थे सांगा."