रक्त येतंय म्हणून ब्रश सोडू नका

आमच्या दवाखान्यात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य हे : "ब्रश केला की रक्त येतं, म्हणून सध्या बोटानंच मंजन लावतोय." काकू असोत की कॉलेजातला मुलगा, वाक्य तेच. आणि नेमकं हेच करायचं नसतं. हिरडी आधीच सुजलेली असते, ब्रशचं निमित्त होतं. ब्रश थांबवला की सूज वाढते आणि सूज वाढली की रक्तही वाढतं. शेवटी दात हलायला लागल्यावर मंडळी आमच्याकडे येतात.

मुळात होतं काय

दात घासल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जीवाणूंचा चिकट थर बसू लागतो. सकाळी उठल्यावर जिभेला दात बुळबुळीत लागतात, तो हाच. मऊ असेपर्यंत तो साध्या ब्रशनं निघतो. तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि दोन-तीन दिवसांत तो टणक व्हायला लागतो. हेच कीटण. बोरिंगच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो ना, तसंच समजा. तोही नुसत्या कपड्यानं पुसून निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण जास्त साठतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथं जिभेखालीच उघडतात. आरशात ती बाजू दिसत नाही, त्यामुळे "माझे दात तर स्वच्छ आहेत" असं सगळ्यांनाच वाटतं.

1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. ब्रश पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. या पत्रकातली सर्वांत आशेची गोष्ट हीच. नुसती सूज असेपर्यंत सगळं परत मिळतं.

पुढची पायरी मात्र तशी नाही. सूज बरेच दिवस राहिली की हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटर असते. चार किंवा त्याहून जास्त झाली की तळापर्यंत ब्रश पोहोचत नाही. आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. यालाच घरोघरी पायोरिया म्हणतात. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. आहे ते टिकवणं, एवढंच बहुतेक वेळा हातात उरतं. दाढ किडली की रात्रभर झोपू देत नाही, हिरडी मात्र गुपचूप खराब होते. म्हणून तोंडाला वास येणं, दात लांब दिसू लागणं, पूर्वी अडकत नव्हतं तिथं अन्न अडकणं, यांकडे लक्ष ठेवा.

गुटखा, सिगारेट किंवा मशेरी असेल तर आणखी एक धोका. सिगारेटमुळे हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि माणूस निर्धास्त राहतो. आत हाडाची झीज चालूच असते.

शुगर असणाऱ्यांनी दुप्पट सावध राहावं. शुगर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. त्या काळात सफाई करता येते, चौथा ते सहावा महिना त्याला सोयीचा.

आम्ही काय करतो

आधी बारीक सळईनं खिशांची खोली मोजतो, लागला तर एक्स-रे काढतो. मग मशीननं कीटण काढतो. खिसे खोल असतील तर जागा बधिर करून मुळापर्यंतची सफाई करतो, तीही दोन-तीन बैठकांत. दोनेक महिन्यांनी पुन्हा मोजमाप करतो. तेवढ्यानं भागलं नाही तरच हिरडीची छोटी शस्त्रक्रिया.

"सफाई केली की दात ढिले होतात, फटी पडतात", हे आम्ही रोज ऐकतो. कीटणानं बुजलेली फट मोकळी झाली की जिभेला ती मोठी वाटते, एवढंच. हलणारा दात कीटणानं जखडलेला होता, सफाईनंतर तो खरा कसा आहे ते कळतं. थंड पाणी काही दिवस झोंबतं, तेही ओसरतं.

घरी काय करायचं

मऊ ब्रश घ्या. केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवून हलक्या हातानं फिरवा, दोन मिनिटं. फरशी घासल्यासारखा जोर लावला तर हिरडी खाली सरकते. दातांच्या फटीत धागा किंवा छोटा फटीचा ब्रश घाला, टाचणी नको. मीठ-पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, कीटण निघत नाही. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश आम्ही सांगू तेवढेच दिवस वापरा, नाहीतर दात तपकिरी दिसू लागतात.

आणि सराफ्याबद्दल, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजाराबद्दल, बोलल्याशिवाय इंदूरात दातांचं पत्रक पुरं होत नाही. रात्री बारा वाजता गराडू (तळलेला कंद), रबडी, वर पान. घरी आलं की थेट अंथरूण! खा, आम्हीही जातो. पण झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षाही मोलाचा. कितीही उशीर झाला तरी तो करूनच झोपा.

येताना रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणा. ब्लडप्रेशरच्या अॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी हिरड्या वाढतात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आम्हाला आधी कळायला हवं. मात्र स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नका. खर्चाची अडचण असेल तर संकोच न करता सांगा. शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथंही हे उपचार होतात.

आणि पोहे खाऊनच या. ओठ बधिर असताना दोनेक तास गरम काही खाता येत नाही, चहासुद्धा नाही.