हाशिमोटो थायरॉयडायटिस : लक्षणे आणि निदान

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटते, ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते आणि तिचे संप्रेरक कमी पडू लागते, असा हा विकार. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथी तपासून त्याचे पहिले वर्णन केले. मुळाशी स्वप्रतिकार आहे हे १९५६ मध्ये रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडल्यावर उलगडले. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो कितीतरी पटींनी अधिक आढळतो.

लक्षणे इतक्या सावकाश येतात की घरात कोणाच्या लक्षातच येत नाहीत. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत एखादी बाई कूलरसमोरून उठून अंगावर चादर ओढून बसत असेल, तर ते ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नये. थकवा, वाढते वजन, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केसगळती, घोगरा आवाज, पाळीत जास्त रक्तस्राव ही इतर लक्षणे. विदर्भात रक्तक्षय आणि सिकलसेल पुष्कळ, त्यामुळे थकव्याचा दोष तिकडे जातो. पण रक्तक्षय या विकारातही होतो. तपासताना डॉक्टर टाचेवरच्या कंडरेवर हातोडी मारतात. पाऊल हलते, पण जागेवर परतताना रेंगाळते, हीही या विकाराची एक खूण.

निदान रक्तावर ठरते. नागपुरात मेयो, मेडिकल, एम्स या सरकारी रुग्णालयांत किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या पॅथॉलॉजीत आधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची चाचणी करतात. थायरॉईड मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तिला जोर लावते, म्हणून टीएसएच वाढते. त्यासोबत फ्री टी-४ (थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक) कमी असेल तर थायरॉईडची कमतरता पक्की. टी-४ ठीक असेल तर ती सौम्य अवस्था, आणि दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. कारण स्वप्रतिकाराचे आहे का, हे थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी अँटी-टीपीओ चाचणी सांगते. बहुतेक रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. सोनोग्राफी सरसकट लागत नाही, गळ्यात गाठ हाताला लागली तरच.

एक गोष्ट हमखास राहून जाते. केस गळतात म्हणून अनेक जणी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात, आणि काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटे कमी दिसते. म्हणजे ज्या लक्षणासाठी गोळी सुरू झाली, त्याचेच कारण अहवालात झाकले जाते. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ती बंद ठेवावी आणि डॉक्टरांना तसे सांगावे.

प्रतिपिंडे आहेत पण टीएसएच सामान्य आहे, अशांना लगेच औषध लागत नाही. वर्षातून एकदा तपासणी पुरते. गर्भधारणा ठरवताना मात्र ती आधीच करून घ्यावी.