रेशनची गळती वेगळी, काळाबाजार वेगळा

नागपूरच्या कळमना बाजाराकडे जाणारा कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, तांदळाचा टेम्पो पकडला की पानठेल्यावर निकाल लागलेलाच असतो: "बघा, म्हणूनच अर्धं रेशन गळते!" टेम्पो हा काळाबाजाराचा पुरावा झाला. गळतीचा आकडा मात्र वजाबाकीतून निघतो.

सरकारी गोदामातून वर्षभरात किती धान्य उचललं, त्यातून राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबांनी 'रेशनचं इतकं खाल्लं' म्हणून सांगितलेलं वजा करायचं. उरलं ती गळती. त्यात वाटेत गायब झालेली पोती, दुकानदाराने मारलेलं माप, सडलेलं धान्य आणि पाहणीत सांगणाऱ्याला न आठवलेलं, सगळंच येतं.

काळाबाजार हा गुन्हा आहे. 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा लागतो, कैद सात वर्षांपर्यंत होऊ शकते. तिथे अंदाज चालत नाही. पंचनामा लागतो, आणि माल रेशनचाच हे दाखवावं लागतं. बारदाना, म्हणजे पोतं, बदललं की तेच जड जातं.

समजा, पाचपावलीतलं चार माणसांचं प्राधान्य गटातलं कुटुंब. माणशी 5 प्रमाणे हक्क 20 किलोचा. अंगठा 20 ला लागला, हातात 18 आले, त्यातले 8 किलो दारावरच्या तांदूळवाल्याला विकले, 10 घरात शिजले. ई-पॉसच्या, म्हणजे दुकानातल्या अंगठा घेणाऱ्या यंत्राच्या, हिशेबात गळती शून्य, पाहणीच्या हिशेबात 50 टक्के. पोलिसांच्या हिशेबात बहुधा काहीच नाही. 2 किलोसाठी ठाण्यात कोण जातं? असे 8-8 किलो जमून टेम्पोभर झाले आणि टेम्पो सापडला, तर एक गुन्हा नोंदतो.

त्या 8 किलोचे पैसे त्याच घरात तेल-भाजीला गेले. दुकानदाराने मारलेल्या 2 किलोंच्या रांगेत ते बसवणं मला तरी पटत नाही. पण वजाबाकी असा भेद करत नाही.

आकडाही एकच नसतो. 2011-12 साठी ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी देशातली गळती 41.7 टक्के काढली, केंद्र सरकारने नेमलेल्या शांताकुमार समितीने 2015 च्या अहवालात 46.7 टक्के. द्रेझ-खेरांच्याच हिशेबात 2004-05 ला ती 54 टक्के होती. शेजारच्या छत्तीसगडची कथा तर अजून बोलकी. 2004-05 मध्ये निम्म्याहून जास्त असलेली गळती 2009-10 पर्यंत 10 टक्क्यांच्या आसपास आली. खाजगी दुकानं काढून ती ग्रामपंचायती, सहकारी संस्था, बचत गटांकडे दिली, धान्य दुकानापर्यंत सरकारनेच पोचवलं, दुकानदाराचं कमिशन वाढवलं.

गुन्ह्यांचा आकडा याच्या उलटही चालू शकतो. जिथे धाडी जास्त, तिथे गुन्हे जास्त दिसतात. जिथे धाडच पडत नाही, तो तालुका कागदावर स्वच्छ. तेव्हा यंदा गुन्हे दुप्पट झाले म्हणजे चोरी दुप्पट झाली, असं धरण्याआधी धाडी किती पडल्या ते विचारायचं.