'हिट मी': किराण्याच्या भावात एकवीस

'द प्राइस इज राइट' हा अमेरिकी टीव्ही कार्यक्रम मुळात १९५६चा, एनबीसीवरचा. पण आज ओळखला जातो तो ४ सप्टेंबर १९७२ला सीबीएसवर सुरू झालेला अवतार. सुरुवातीला अर्धाच तास, आणि किमती ओळखायचे खेळ अवघे पाच. १९७५मध्ये तो तासाभराचा झाला, रोज सहा खेळ लागू लागले आणि निर्मात्यांनी नवे खेळ काढायचा सपाटा लावला. १९८०चा 'हिट मी' त्यातलाच.

खेळ ब्लॅकजॅकचा, म्हणजे एकवीसचा: पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पुढे जाऊ द्यायची नाही. समोर किराण्याच्या सहा वस्तू, प्रत्येकीवर किमतीची पाटी. एकच पाटी खरी. बाकीच्यांवर खरी किंमत पटीने फुगवलेली. जितकी पट, तितक्या गुणांचा पत्ता त्या वस्तूमागे लपवलेला. तिप्पट म्हणजे तिर्री. खऱ्या किमतीमागे एक्का (एक किंवा अकरा, हवा तसा धरा) आणि एका वस्तूची किंमत हमखास दहापट. ही दोन पाने उचलली की एकवीस, बक्षीस तुमचे. नाहीतर एकवीसच्या आत राहून 'हाउस'शी, म्हणजे कार्यक्रमाच्या बाजूच्या डावाशी, सामना. हाउसची पाने खऱ्या गड्डीतली, आणि सोळापर्यंत हाउसला आणखी पान घ्यावेच लागे.

गंमत अशी की अर्धे उत्तर पाटीवरच असे. १.२९ डॉलरच्या डब्याची दहापट १२.९०, म्हणजे शेवटी शून्य आलेच! आधी शून्याची पाटी गाठायची, मग उरलेल्यांत त्यातल्या त्यात पटेल असा भाव शोधायचा. (आपल्याकडे डब्यावर एमआरपी छापलेली असते. तो नुसता उलटा फिरवला की खेळ संपला.)

तरीही लोक हरत. माझ्या मते दोष भावाच्या अंदाजाचा नव्हता. साबणाचा भाव तोंडपाठ असलेल्या बाईला एक्का अकराही धरता येतो, हे माहीत असेलच असे नाही. सूत्रसंचालक बॉब बार्करना मग आधी पटीचा हिशेब समजवायचा आणि त्यावर पत्त्यांचे नियम. बक्षिसाची उत्सुकता ताणायची तिथे शिकवणीतच वेळ जाई.

२००६मध्ये 'हिट मी' बंद झाला. 'पोकर गेम' आणि 'जोकर' हे पत्त्यांचे आणखी दोन खेळ २००७मध्ये गेले. त्याच वर्षी जूनमध्ये पस्तीस वर्षांनंतर बार्करही निवृत्त झाले.