जेटच्या मॉडेलमध्ये गोंद उरतच नाही

पहिल्यांदाच प्लॅस्टिकचं जेट विमान जोडायला घेणारा माणूस हमखास विचारतो, "सगळ्यात घट्ट चिकटवणारा गोंद कोणता?" दोन तुकड्यांच्या मधे तिसरा पदार्थ बसतो आणि तो दोघांना धरून ठेवतो, ही समजूत त्या प्रश्नामागे असते. कागदाला, लाकडाला ती लागू पडते. मॉडेलच्या किटमध्ये मात्र आपण बाटलीतून जे लावतो, ते काम उरकल्यावर उडून जातं. सांध्यात प्लॅस्टिकखेरीज काही राहत नाही.

किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून ते तयार होतात आणि एका चौकटीला लटकलेले मिळतात. १/७२ प्रमाणात १५ मीटर लांबीचं एफ-१६ लढाऊ विमान साधारण २१ सेंटिमीटरचं होतं. त्याचं धड बहुधा दोन अर्ध्या भागांत येतं. ते बंद करण्याआधी नाकात थोडं वजन बसवायचं, कारण मुख्य चाकं मागे असतात आणि वजन नसेल तर मॉडेल शेपटीवर बसतं. मग उरतो खरा प्रश्न: पाठीवरची लांबलचक फट. खऱ्या विमानाला ती नसते, म्हणून मॉडेलवर ती लगेच डोळ्यात भरते.

पॉलिस्टायरीनचा रेणू म्हणजे दोनेक हजार कड्यांची साखळी. अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या खाली त्या जागच्या जागी थिजतात. या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात. दोन अर्धे भाग नुसते दाबून धरले तर काहीच होत नाही, कारण कोणत्याही बाजूची साखळी जागची हलू शकत नाही.

आता फटीला पातळ सिमेंटचा ब्रश टेकवा (मॉडेलवाले बाटलीतल्या त्या द्रवाला सिमेंट म्हणतात, बांधकामाच्या सिमेंटशी त्याचा संबंध नाही). केशाकर्षणाने द्रव फटीत पळत जातो. त्यातले ब्यूटिल अॅसिटेटसारख्या द्रावकाचे, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवाचे, छोटे रेणू साखळ्यांच्या मधे घुसतात. पृष्ठभागाच्या त्या थराचं काच-संक्रमण तापमान घसरत घसरत खोलीच्या तापमानाखाली जातं. थर गरम झालेला नसतो, तरी साखळ्या सुटतात. पण आजूबाजूच्या साखळ्यांच्या गर्दीत आडवं सरकायला वाव नसतो. साखळीला आपल्याच लांबीच्या दिशेने, सापासारखं, वाट काढत पुढे जावं लागतं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जील द जेन यांनी ही कल्पना १९७१ मध्ये मांडली. पुढे १९९१ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या हिशोबानुसार साखळी दुप्पट लांब असेल तर त्या गर्दीतल्या जुन्या वाटेतून पूर्ण बाहेर पडायला आठपट वेळ लागतो. सुदैवाने जायचं अंतर फार थोडं असतं. १० ते १५ नॅनोमीटर, म्हणजे साधारण मिलिमीटरचा एक लाखावा भाग सीमेपलीकडे गेलं की डावीकडच्या साखळ्या उजवीकडच्या साखळ्यांत अडकतात. मग द्रावक उडतो, काच-संक्रमण तापमान परत वर चढतं आणि गुंता आहे तसा गोठतो. याला वेल्डिंगच म्हणायला हवं.

कोणता द्रावक चालेल, हे हिल्डेब्रांडच्या द्राव्यता-गुणांकावरून ताडता येतं; दोन पदार्थांचे हे आकडे जितके जवळ, तितके ते एकमेकांत सहज मिसळतात. पॉलिस्टायरीनचा गुणांक सुमारे १८.५, ब्यूटिल अॅसिटेटचा १७.४, अल्कोहोलचा २६ आणि पाण्याचा ४८. मिसळायला लागणारी ऊर्जा प्लॅस्टिक आणि द्रावक यांच्या आकड्यांतल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लांब साखळ्यांना मिसळण्यातून एन्ट्रॉपीचा, म्हणजे विस्कळीतपणा वाढण्याचा, लाभ जवळजवळ नसतो, त्यामुळे थोडा फरकही जड जातो. म्हणूनच अल्कोहोलने भाग पुसला तरी तो विरघळत नाही.

संत्र्याच्या वासाचं सिमेंट "नैसर्गिक, केमिकल-फ्री" म्हणून विकलेलं दिसलं की हसू येतं. त्यातलं लिमोनीन संत्र्याच्या सालीत असतं हे खरं, पण ते पॉलिस्टायरीन विरघळवणारं रसायनच आहे आणि हवेत ऑक्सिडीकरण झालेल्या लिमोनीनची त्वचेला अॅलर्जी होऊ शकते. खिडकी त्यासाठीही उघडीच ठेवायची.

सांध्यावरचा रंग खरवडून काढायचा, कारण तो मधे असेल तर द्रावक प्लॅस्टिकपर्यंत पोचत नाही. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती, हेही खोटं. द्रावकाला प्लॅस्टिकमधूनच वाट काढत बाहेर यावं लागतं आणि थर दुप्पट जाड असेल तर त्याला सुमारे चौपट वेळ लागतो. तोवर सांधा फुगलेला असतो. घाईने पॉलिश पेपर मारून तो सपाट केला, की उरलेला द्रावक उडाल्यावर तिथे खळगी पडते आणि रंगाखालून फट पुन्हा डोकावते. दोन्ही भाग दाबल्यावर मऊ प्लॅस्टिकची बारीक कड बाहेर आली, की किमान एक दिवस हात लावू नये.

वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण मात्र या सगळ्याला अपवाद. तेही बहुधा पॉलिस्टायरीनच असतं, त्यामुळे सिमेंटचा थेंब पडला की डाग कायमचा. सुपरग्लूही नको, कारण त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याने बहुलक होऊन, म्हणजे तिचे रेणू साखळ्यांत जोडले जाऊन, झाकणावर पांढरी साचते. तिथे पाण्यात मिसळणारा साधा पांढरा गोंद लावावा. तो खरोखरच मधे बसून राहतो, पण झाकणावर भार पडत नसल्याने तेवढी पकड पुरते.